गोड नाही निघालं तर

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर नामदेवकाकांची संत्र्यांची गाडी असते. तिथं एका अल्बमला नावं ठेवली की संत्रं फुकट मिळतं. कौतुक केलं तर काहीच नाही. अख्ख्या अमरावतीत असा धंदा करणारा दुसरा माणूस मला तरी ठाऊक नाही.

गाणी अकोल्याच्या एका पोरीची. स्वतः लिहिते, गिटार वाजवत वऱ्हाडी चालींवर गाते. गेल्या हिवाळ्यात तिचा अल्बम आला आणि काकांनी गिऱ्हाइकांना धरून धरून तो ऐकवायला सुरुवात केली. शेंदूरजनाघाटची संत्री निवडता निवडता कान त्यांच्या मोबाइलला द्यायचा. "चाखल्याबिगर बोलू नोका," हा दम आधीच.

आमचे गुरुजी म्हणाले, गिटार घालून लोकगीताचं पार वाटोळं केलं. एक संत्रं. समोरच्या वहिनींना ढोलकी कर्कश वाटली. एक संत्रं. माझी लेक बिचारी म्हणाली, तिसरं गाणं ऐकून रडू आलं. तिला काका नुसतं "बरं" म्हणाले. मी बेशरम माणूस. रोज नवी खोट काढून सहा संत्री पचवली. पण दर वेळी संत्रं देताना काकांचं तोंड पडायचं. त्यांना हवी ती खोट कोणालाच सापडत नव्हती.

शेवटी मीच वैतागून विचारलं, "काका, तुमाले काय खटकते, ते तं सांगा."

त्यांनी तिसरं गाणं लावलं. त्यात एक संत्रेवाली गिऱ्हाइकाला म्हणते, 'गोड नाही निघालं तर मला सांग.'

"मला?" काका म्हणाले. "आमची कमल जलमात 'मला' नाई म्हनली. 'मले सांगजो,' म्हने. तक्रार आनली का दुसरं संत्रं देये. हे पोरगी तवा इथंच खोली करून शिके."

कमलकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली. फुकटच्या संत्र्यांचा अर्थ मला तेव्हा लागला. लाज वाटली.

मी त्या पोरीला सगळं लिहून पाठवलं. पुण्याकडच्या लोकांना कळावं म्हणून शब्द बदलला होता, असं तिनं कबूल केलं. चार दिवसांनी तीच ओळ पुन्हा गाऊन पाठवली, 'मले सांगजो' म्हणत.

काकांनी मोबाइल कानाला लावून ती तीनदा ऐकली. मी म्हटलं, मला तर आता काहीच खोट दिसत नाही. तरी त्यांनी एक संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

"गोड निघालं वं," ते म्हणाले.

'वं' आमच्याकडे फक्त बाईमाणसाला म्हणतात. गाडीजवळ तर मी एकटाच उभा होतो.