सिस्टर उठल्या नाहीत

सभागृहात उठायचं कधी आणि बसायचं कधी, हे सिस्टरांना गेल्या सात वर्षांत एकदाही स्वतः ठरवावं लागलं नव्हतं. आमदारांनी पक्षाच्या हुकमाप्रमाणेच मत द्यावं, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायला पक्षाचे प्रतोद होते. हे गृहस्थ पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मतदानाच्या दिवशी मास्तरांची चिठ्ठी बाकावर यायची: ‘उठणे’ किंवा ‘बसून राहणे’. कारण कधीच लिहिलेलं नसायचं.

सिस्टर मूळच्या नर्स. गावाकडच्या चौदा खाटांच्या प्रसूतिगृहात त्यांनी सव्वीस वर्षं बाळंतपणं केली आणि त्याच पुण्याईवर निवडून आल्या. त्या मंगळवारचं विधेयक नेमकं तिथेच घाव घालणारं होतं. तीसपेक्षा कमी खाटांची प्रसूतिगृहं बंद करायची होती. चिठ्ठीत होतं ‘उठणे’.

सिस्टर सकाळीच मास्तरांच्या खोलीत जाऊन आल्या होत्या.

“मास्तर, यात आमचंही जातंय.”

“जाऊ दे ना. शहरात मोठं इस्पितळ आहे.”

“दोन तासांचा रस्ता आहे. मूल दोन तास थांबत नाही.”

“हे बघा, आपण एक्कावन्न, ते एकोणपन्नास. तुम्ही मुलांची काळजी करत बसलात, तर आमची कोण करणार?”

सिस्टर निमूट परत आल्या. निमूट परत येणं एव्हाना अंगवळणी पडलं होतं.

दुपारी मतदान आलं. “विधेयकाच्या बाजूच्या सदस्यांनी उभं राहावं,” सभापती म्हणाले. सिस्टर उठायला गेल्या आणि तितक्याच वेगाने खाली बसल्या. सभागृहात हुडहुडी भरेल इतका गारवा असे, म्हणून त्यांनी स्वतः विणलेलं लांब स्वेटर घातलं होतं. त्याचा मागचा काठ दुमडत्या खुर्चीच्या बिजागरीने धरला होता. त्यांनी जोर लावला, तशी मागून टरटर आवाज करत वीण उसवायला लागली. सिस्टर वाकल्या आणि दोन्ही हात मागे नेऊन लोकर सोडवू लागल्या.

इथवर एकच मत कमी झालं होतं. पण शेजारी वकीलसाहेब होते. जेवणानंतर ते बसल्या जागी झोपत आणि मतदानाला सिस्टरांच्या कोपरखळीने जागे होत. आज कोपर रिकामं नव्हतं. वकीलसाहेब घोरत राहिले. त्यांच्या मागे दोन नवखे आमदार होते. कामकाज त्यांच्या डोक्यावरून जाई, म्हणून ते डोळे झाकून वकीलसाहेबांचं अनुकरण करत. वकीलसाहेब बसलेत म्हणताना तेही बसून राहिले.

“बाजूने सत्तेचाळीस,” सभापतींनी वाचलं, “विरोधात एकोणपन्नास.”

मग जो गोंधळ उडाला, त्यात वकीलसाहेबसुद्धा जागे झाले. मोजणीतच चूक आहे, असा मास्तरांनी धोशा लावला. शेवटी सभापतींनी कंटाळून दुसऱ्या दिवशी अकराला फेरमतदान ठेवलं.

सिस्टर घरी पोचेपर्यंत ‘चौघांचं बंड’ गावभर झालं होतं. वकीलसाहेब तर पत्रकारांना सांगत होते, “या विषयाने गेले कित्येक दिवस माझी झोप उडाली होती.”

“अगं, तू बंड केलंस?” यजमानांनी दारातच विचारलं.

“स्वेटर अडकलं हो.”

“मग तसं कोणाला सांगू नकोस. हे विधेयक आल्यापासून पहिल्यांदाच शेजारी माझ्याशी नीट बोलले.”

तेवढ्यात प्रसूतिगृहातून फोन आला. सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली नर्स बोलत होती. “सिस्टर, आत्ताच मुलगी झाली. मतदानाचं ऐकून आई म्हणाली, तुमचंच नाव ठेवायचं. तुम्ही उठला नाहीत म्हणून.”

मुलीचं वजन तेवढं विचारून सिस्टरांनी फोन ठेवला. सव्वीस वर्षांत कोणाच्याही लेकीला त्यांचं नाव मिळालं नव्हतं. आज मिळालं, तेही त्यांनी न केलेल्या कामासाठी.

संध्याकाळी मास्तर टाईप केलेला कागद घेऊन आले. “स्वेटरचं कळलं मला. वाईट वाटून घेऊ नका. यावर सही करा, प्रकरण मिटलं.”

यजमानांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, “‘सदर प्रसंगी मी स्वतःच्या बुद्धीने कोणतीही कृती केलेली नाही.’”

“खरंच आहे ते,” मास्तर म्हणाले.

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “सात वर्षांचं खरं आहे.” त्यांनी कागदाची घडी घालून मास्तरांच्या खिशात परत ठेवली. “सही होणार नाही. आणि उद्या माझ्या अंगावर स्वेटर नसेल, तरीही मी उठणार नाही.”

“पक्षातून काढतील. आमदारकी जाईल.”

“मला बाळंतपणं करता येतात, मास्तर. तुम्ही तुमचं बघा.”

मास्तर चहा न घेताच गेले.

बुधवारी सिस्टर कुडकुडत, पण ताठ मानेने जाग्यावर बसल्या. काय वाट्टेल ते होवो, हलायचं नाही. तेवढ्यात चिठ्ठी आली: ‘बसून राहणे. सर्वांनी.’

त्यांनी ती दोनदा वाचली. झालं असं होतं, की आदल्या दिवशी उठलेल्या सत्तेचाळीस जणांना मतदारांनी फोनवर सळो की पळो करून सोडलं होतं. सकाळी पक्षाध्यक्षांनी जाहीर केलं, की छोटी प्रसूतिगृहं वाचवावीत ही मूळ कल्पना त्यांचीच, आणि कालचे चौघे त्यांच्याच सांगण्यावरून बसले होते.

म्हणजे विधेयक पडणार होतं. प्रसूतिगृह वाचणार होतं. आणि सिस्टरांचं बंड आज्ञापालन म्हणून जमा होणार होतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी हात वर केला.

सभापतींना त्यांचं नाव आसनांच्या यादीत शोधावं लागलं. “बोलायचंय? मग उभं राहावं लागेल.”

सिस्टर उभ्या राहिल्या.

“काल मी बसले, ते स्वेटर अडकलं म्हणून,” त्या म्हणाल्या. सभागृहात हशा पिकला. “हसा. आज तुम्ही पन्नास जण बसून राहणार, ते चिठ्ठी आली म्हणून. तुमचं तर काही अडकलेलंही नाही.”

हशा थांबला. मास्तरांनी घाईघाईने पुढे सरकवलेली चिठ्ठी सिस्टरांनी तिथेच मोठ्याने वाचली, “‘काल न उठल्याची नोटीस तयार आहे. आज उठल्याची दुसरी निघेल.’ काढा, मास्तर. दोन्हींवर तारीख नीट घाला.” मग त्या सभापतींकडे वळल्या. “या चौदा खाटांबद्दल इथे अजून कोणी एक शब्द काढलेला नाही. म्हणून मी सांगते. पहिली खाट, खिडकीजवळची. तिथे एकदा जुळी झाली, आणि लाइट गेलेले होते.”

त्या बोलत राहिल्या. दुसरी खाट झाली, तिसरी झाली. चौथीपाशी विरोधी बाकांवरच्या एका म्हाताऱ्या आमदाराने डोळे पुसले. वीस मिनिटं झाली, तेव्हा सभापतींनी नियमाप्रमाणे घंटेकडे हात नेला.

“थांबा जरा,” सिस्टर वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या. “आत्ता कुठे सातवी खाट आलीय.”

सभापतींनी हात मागे घेतला.