इनासकाकांच्या निळ्या पुड्या

आमच्या घरात मिठाच्या बरणीपासून माझ्या लग्नातल्या शालूपर्यंत कुठेही हात घाला, एक कापडी पुडी लागते. ती इनासकाकांची. वटारला त्यांच्या माडीवर आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा त्यांनी चहाच्या आधी पुड्याच दिल्या. आत निळे दाणे. "ओल प्यायले की गुलाबी होतात. मग तव्यावर भाजायचे, परत निळे. हवेवर विश्वास ठेवू नका, टीचर. हवा लागली की संपलं!"

मी आगाशीच्या शाळेत शिकवते, म्हणून टीचर. घरात काका त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी मात्र अगदी पुस्तकी मराठी, जणू मी वही तपासायलाच बसलेय.

नोकरीभर काकांनी एका सरकारी प्रयोगशाळेत स्फटिक वाढवले. एका जातीचं मीठच ते. भट्टीत वितळवायचं आणि दिवसेंदिवस हळूहळू निववायचं. पुढे त्यावर किरणोत्सर्गाचे किरण आदळले की आत ठिणगी उडते म्हणे. "दिसते?" मी विचारलं. "छे! डोळ्याला कुठली दिसायला? ती टिपायला मागे प्रकाश मोजणारी नळी लावावी लागते."

घाईने निववला तर स्फटिकाला तडा, दमट हवा लागली तर त्याचं पाणी. या दोन धास्तींवर काकांचा अख्खा संसार चालला. भाताचं पातेलंसुद्धा ते एकदम उतरवू देत नसत. आधी आच मंद, मग आणखी मंद, मग वर टॉवेल. फिलूमावशी कपाळावर हात मारायच्या. "मला मागणी घालायला या माणसाने दोन पावसाळे घालवले! म्हणे, जरा निवू दे."

आम्ही पोट धरून हसायचो. पण एका गोष्टीचं हसू येत नसे. काकांच्या पुड्या आळीतल्या घराघरात होत्या, फक्त भिंतीपलीकडे धाकट्या भावाकडे, बस्त्यावकडे, एकही नव्हती.

निवृत्तीच्या वेळी काकांना जरासा तडा गेलेला एक स्फटिक आठवण म्हणून मिळाला होता, काचेची खिडकी असलेल्या सीलबंद डबीत. घरी बाप्तिस्म्याचं जेवण होतं, दिवस भर पावसाचे. पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून बस्त्यावने स्क्रूड्रायव्हर घालून डबीच उघडली. थोड्याच दिवसांत स्फटिक पिवळा पडला आणि पाझरून गेला. काकांनी भावाशी बोलणं टाकलं.

बस्त्याव मोकळ्या स्वभावाचा. वाडीतली राजेळी पिकली की एक फणी मधल्या भिंतीवर ठेवून जायचा. काका केळी खायचे, "गोड आहेत" असंही म्हणायचे, पण ते मावशींना. हाक काही मारायचे नाहीत.

"काका, आता तरी बोला."

"अजून आत गरम आहे, टीचर. वरून गार वाटतं. आत्ता हात लावला तर तडा जाईल."

मला भयंकर राग यायचा. माणसाची काय भट्टी असते? पण काकांना खरंच वाटायचं, आपण नातं सांभाळतोय. वर्षं अशीच गेली.

गेल्या जुलैत बस्त्याव वाडीतच कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या अंगणात सगळी आळी जमली, फादर आले, आणि काकांचा पत्ता नाही. मी त्यांना शोधत घरात आले. ते चुलीपाशी उभे राहून दाणे भाजत होते. मावशी दारातून म्हणाल्या, "अहो, चला. पेटीचं झाकण लावतायत." काकांनी तव्यावरचे दाणे हातानेच उचलले, तसेच धगधगीत, आणि रुमालात बांधले. निवायला क्षणभर ठेवले नाहीत. बोटं भाजली असणार.

बस्त्यावच्या हातात माळ गुंडाळली होती. तिच्याखाली काकांनी ती पुडी सरकवली. झाकण लागलं, तसं कडेवरून बोट फिरवून फट राहिली नाही ना ते पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"डबी उघडली तेव्हा तो पाहुण्यांना काय सांगत होता, ठाऊक आहे, टीचर? 'बघा, माझ्या भावाने बनवलंय.' मी दारातच उभा होतो. ऐकलं होतं मी."