उरकुडे बाईंची मंडळी

उरकुडे बाई माती चाखायच्या. आपण मुरलेल्या लोणच्याची फोड जिभेवर ठेवून बघतो ना, तितक्या सहज. वरोऱ्याला आमच्या शेजारच्या घरात त्या राहायला आल्या, त्याच दिवशी दुपारी साखर मागायला दारात उभ्या राहिल्या. वाटी हातात पडायच्या आत त्यांनी आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीतली चिमूटभर माती तोंडात टाकली होती. डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली, बाजूला थुंकल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, तुमची मंडळी उपाशी हायेत."

साखर घेऊन त्या गेल्या. सुनंदा माझ्याकडे वळली. "मी तुम्हाला उपाशी ठेवते? शेजारणीला बरं पहिल्याच दिवशी दिसलं!" पुढचा आठवडाभर मला ताटात रोज दोन भाज्या मिळाल्या. बाईंची 'मंडळी' म्हणजे मातीतले जिवाणू, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा दुसरी भाजी बंद झाली.

मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवायचो आणि बाई सूक्ष्मजीवशास्त्र. बुटक्या, काटक, साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात रबरी चप्पल. वर्गात त्या अगदी पुस्तकातली मराठी बोलत. वर्गाच्या उंबरठ्याबाहेर पाय पडला की त्यांची सिंदेवाहीकडची झाडीबोली सुरू. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी लावली होती : 'आवाज करू नये. मंडळी कामात आहेत.' आमच्या प्राचार्यांना ती पाटी बरेच दिवस परीक्षा विभागाची वाटत होती.

बाईंना एकच वेड होतं. खारी जमीन. पाणी साचून साचून, किंवा मचूळ विहिरीचं पाणी पाजून पाजून, जिच्यावर मिठाची पांढरी फुटते आणि पेरलेलं उगवत नाही ती जमीन. सुट्टीच्या दिवशी लोक नातेवाइकांकडे जातात, बाई पिशवी आणि खुरपं घेऊन अशा जमिनी हुडकत जायच्या. पीक कुठे बरं आहे हे त्यांना बघायचंच नसे. त्या पांढऱ्या, उजाड तुकड्यात एखादं गवताचं ठोंब हिरवं दिसलं की बाई तिथेच फतकल मारून बसायच्या.

"हा इथी कसा जगून राह्यला, सर?" त्या मला विचारायच्या. मला काय माहीत! "मले बी नाई माहीत. त्याच्या मुळाईले विचारा लागते."

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मी आयुष्यात कवितेच्या ओळींपलीकडे काही निरखून पाहिलं नव्हतं. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात बारीक काड्यांसारखं काहीतरी हललं. मग सगळंच हलायला लागलं. काही गिरकी घेत होते, काही एकमेकांना धक्के देत पुढे घुसत होते. तुळशीच्या पानावर मावेल एवढ्याशा थेंबात आख्खी जत्रा भरली होती आणि मी श्वास धरून बसलो होतो.

"हे त्या गवताच्या मुळावरचे हायेत," बाई माझ्या कानाशी अगदी हळू बोलल्या. "पाहा सर, खाऱ्या जमिनीत पाणी असते, पण झाडाले ते पेता येत नाई. आता हे काय करतात, मुळाभोवती चिकट गिलावा लिपतात. मीठ तिथीच अडकते. अन् दुसरी गोष्ट. झाड मिठानं घाबरते. घाबरलं का आपल्या अंगात एक वायू तयार करते अन् वाढणंच थांबवते. तो वायू ज्याच्यापासून बनते, तेच हे खाऊन टाकतात."

"म्हणजे झाडाची भीती खातात?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मराठीचा मास्तर असूनही अगदीच वाया गेलेलो नव्हतो. "हो. भीती खातात."

त्या दिवशी घरी जाताना मी पाय जपून टाकत होतो. सुनंदानं विचारलं, पाय मुरगळला का?

हे सगळं ऐकायला छान. करायला फार चिवट काम. कॉलेजच्या व्हरांड्यात बाईंनी कुंड्यांची रांग मांडली, त्यांना मिठाचं पाणी पाजलं आणि धान पेरलं. अर्ध्या कुंड्यांत मंडळी सोडली, अर्ध्यांत नाही. कँटीनमधलं मीठ कमी होऊ लागलं. "हे कॉलेज आहे की मिठागर?" प्राचार्य ओरडले. पहिल्या वर्षी सगळ्या कुंड्या वाळल्या. दुसऱ्या वर्षीही. बाई एकेक मेलेलं रोप उपटून त्याची मुळं धुवायच्या आणि धुता धुता पुटपुटायच्या. मी एकदा मागे उभा राहून ऐकलं. "चुकलं बापा. मीठ जास्त झालं." रोपाची माफी मागत होत्या.

मग त्या पुन्हा उजाड जमिनींकडे गेल्या, पुन्हा नवी मुळं, नवी मंडळी. आणि एका पावसाळ्यात व्हरांड्यातल्या एका कुंडीत धान ताठ उभं राहिलं. बाजूच्या कुंड्यांतली पानं टोकाकडून करपलेली आणि मधोमध हे हिरवंगार. प्राचार्य स्वतः येऊन उकिडवे बसले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मिठाचं नाव त्यांनी नंतर कधी काढलं नाही.

आता त्या कुंडीतली मंडळी बाईंच्या काळजाचा तुकडा झाली. हिवाळ्यात भारनियमन सुरू झालं. वीज गेली की मंडळी ठेवलेली उबदार पेटी गार पडायची आणि बाईंचा चेहरा पडायचा. त्यांनी डोकं चालवलं. जाड कापडाचा एक पट्टा शिवला, त्याला ओळीने खण केले, त्यात काचेच्या नळ्या खोचल्या आणि तो साडीच्या आतून कमरेला बांधला. "माणसाच्या अंगाएवढी ऊब कुठी भेटन, सर?"

त्याच दिवसांत परीक्षेच्या कामासाठी आम्ही दोघे एसटीने गडचिरोलीला निघालो. वाटेत नाकाबंदी. पोलीस बसमध्ये चढले, बायकांची झडती घ्यायला एक शिपाई बाई आली. तिचा हात बाईंच्या कमरेपाशी थांबला. ओळीने टणक, गोल, बोटाएवढं काहीतरी.

"हे काय आहे?"

"दाबू नको, बाई," उरकुडे बाई अगदी प्रामाणिकपणे म्हणाल्या, "जिवंत हायेत."

'जिवंत' हा शब्द त्या रस्त्यावर काडतुसांनाच लागतो. माझ्या पुढचे गृहस्थ सीटखाली गेले. कंडक्टर स्वतःच्या बसमधून खाली उतरला. हवालदाराने सगळ्यांना मागे सारलं. मग बाईंनी पट्टा सोडून एक नळी उन्हात धरली आणि खाऱ्या जमिनीवर त्याला शिकवायला सुरुवात केली. हवालदाराचं तोंड उघडं ते उघडंच. बस सुटायला उशीर झाला तो झडतीमुळे नाही, हवालदाराच्या शंकांमुळे. शेवटी तो खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्या मिरचीले चालतीन का हे?"

असं हसत-खेळत चाललं होतं. पुढच्या पावसाळ्यात, धान रोवण्याच्या दिवसांत, बाई एका सकाळी आमच्या दारात आल्या. हातात झाकणाचा डबा. "सर, माझ्यासंगं एका गावाले येता?"

सिंदेवाहीच्या पुढचं गाव. बसमध्ये बाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि हे इतकं नवलाचं होतं की मीही बोललो नाही. उतरल्यावर तलावाच्या पाळीवर त्या मोहाच्या झाडाखाली थांबल्या. डबा माझ्या हातात दिला. "ते पाहा, कालव्याच्या खालची पांढरी बांधी. तिथी तुळशीराम म्हणून एक माणूस हाय. सांगा, कॉलेजातून आलो. गूळ अन् मातीच्या काल्यात हे मिसळाचं, पऱ्ह्याच्या मुळ्या त्याच्यात बुडवून रोवाचं. पण आधी चर खोदून पाणी काढून द्या म्हणा, नाई तं एकटी मंडळी काय करन? अन् सर, माझं नाव घेऊ नका."

तुळशीराम बांधावर उभा होता. बाईंहून मोठा, तसाच बुटका आणि काटक. आसपासच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान होतं, याच्या बांधीत पांढरा थर आणि पिवळे पडलेले झुपके. मी सांगितलेलं त्याने शांतपणे ऐकलं. त्याची बायको पार्वताबाई म्हणाली, "आता हे बी करून पाहा. जाऊन जाऊन काय जाईन?"

तुळशीराम खाली बघत म्हणाला, "चर खोदा म्हणून मले पह्यलेच एकीनं सांगतलं होतं, गुरुजी. मीच ऐकलं नाई."

त्याने डबा घेतला. आधी चर खोदला आणि प्रयोगाला एक बांधी दिली. रोवणाऱ्या बायांनी भाताच्या रोपांच्या मुळ्या काल्यात बुडवल्या आणि चिखलात एकेक पऱ्हं उभं राहू लागलं. मी वळून पाहिलं. पाळीवर, मोहाखाली, बाई उभ्या होत्या. जागच्या हलल्या नव्हत्या.

परतताना बसमध्ये त्यांनी सांगितलं. तुळशीराम त्यांचा सख्खा भाऊ. बाप लवकर गेला, यानेच शिकवलं. कालवा नवा आला तेव्हा गावभर आनंद. भावाने बांधीत बाराही महिने पाणी उभं ठेवलं. नागपूरला शिकणाऱ्या बहिणीने सुट्टीत येऊन सांगितलं, पाणी काढून दे, जमीन खारी होईल. दहा माणसांत सांगितलं. तो चिडला. तीही चिडली. आणि मग जमीन खरंच पांढरी झाली.

"मंग तो माझ्या तोंडाकडे पाहीना," बाई म्हणाल्या. "मले वाटे, मी घरात पाय टाकला का त्याले वाटन, पांढरी जमीन पाह्याले आली. म्हणून मी गेलीच नाई." "लोकाईले चुकल्याचं वाईट वाटते, सर. मले बरोबर निघाल्याचं वाटते."

त्या उजाड रानांत, त्या मेलेल्या कुंड्यांपुढे, कमरेला नळ्या बांधून ही बाई काय शोधत हिंडत होती, ते मला त्या बसमध्ये समजलं.

दिवाळी आटोपल्यावर आम्ही पुन्हा गेलो. पाळीवरून मला ती बांधी ओळखू येईना. पांढरा थर शोधायला लागत होता. धान कमरेएवढं उभं, लोंब्या वाकलेल्या, वारा आला की सगळी बांधी एकदम कुजबुजल्यासारखी. बाजूची, जिच्यात डबा पोचला नव्हता, ती बांधी अजून टकलीच होती; मधे फक्त हातभर रुंदीचा बांध. मी पाहतच राहिलो. एवढं मोठं काम आणि करणारे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत!

बाई या वेळी मोहाखाली थांबल्या नाहीत. चपला हातात घेऊन बांधावरून थेट गेल्या. तुळशीराम विळा घेऊन बसला होता. दोघं समोरासमोर आली.

"समजलं होतं मले," तो म्हणाला. "त्या दिवशी पाळीवर कोण उभं होतं, ते का मले दिसत नाई?"

"मंग हाक काऊन नाई मारली?"

"तू काऊन नाई आली?"

बाई वाकल्या, एक लोंबी तळहातावर घेऊन उगाच दाणे चाचपत राहिल्या. तुळशीराम उठला. घर तिथून दिसत होतं, त्याने तोंडाला हात लावून हाळी दिली, "ओ पार्वता! शकू आली वो! भात जास्तीचा टाक!"

मी चमकून बाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजार होता, इतकी वर्षं एका कॉलेजात होतो. आमच्यासाठी त्या बाई, मॅडम, उरकुडे. त्यांना त्यांच्या नावाने बोलावणारं वरोऱ्यात कोणी नव्हतं, हे मला त्या क्षणापर्यंत जाणवलंच नव्हतं.

शकूने पदराने तोंड पुसलं आणि भावाच्या मागोमाग, चपला हातातच ठेवून, घराकडे निघाली.