हौसेरावांनी हीटर प्लग बदलले

“या खेपेला हीटर प्लग मी सोता निवडनार! वर्षभरात गाडीला कुनाचा हात लागला, तर नाव बदलीन!”

कोपरखैरण्याच्या चहाच्या टपरीवर हौसेरावांनी अशी गर्जना केली, तेव्हा कोणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. त्यात लोकांची चूक नव्हती. हौसेरावांचा डिझेल टेम्पो तुर्भ्याच्या मार्केटातून कांदे-बटाटे वाहता वाहता म्हातारा झाला होता. असल्या इंजिनाला सकाळी आधी आतून ऊब द्यावी लागते, तेव्हा कुठे ते जागं होतं. ही ऊब देणारे चार हीटर प्लग हौसेराव आजवर स्वस्तातले घेत आणि ते महिन्याभरात राम म्हणत. मग रोज सकाळी हौसेराव “धक्काऽऽ!” म्हणून आरोळी ठोकत. सिडकोच्या बैठ्या घरांतून माणसं लुंग्या सावरत धावत. सगळ्यांत पुढे मार्केटातला माथाडी सिताराम आणि गेल्या वर्षी शेजारी राहायला आलेला, वाशीच्या कचेरीतला सुधीर. धक्का मारून झाला की समोरच्या टपरीवर हौसेरावांकडून चहा!

तर हौसेराव पनवेलला हिरामणशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन बसले, ते मुलगी बघायला आल्यासारखे. खिशातून जुना प्लग काढला. नव्याशी आटे जुळवले, लांबी ताडून पाहिली, नंबर चष्म्याच्या वरून वाचला, मग चष्म्यातून वाचला.

“आता ह्यो ब्याटरीला लावून दावा.”

“काका, सीलबंद माल आहे!”

“मग सील फोडाया काय मुहूर्त काढायचा व्हय? लावा!”

शेठने चिमट्यात धरून लावला. प्लग मधोमध लाल झाला.

“नापास! आधी शेंडा लाल झाला पायजे. प्वाट तापनारा प्लग टिकत न्हाई. दुसरा!”

असे डबे फुटत गेले. शेंड्यापासून लालबुंद होणारे चार मिळेपर्यंत शेठचं तोंडही तसंच झालं होतं! “जळालेला एकच असेल, एकच न्या की,” तो काकुळतीने म्हणाला. “छ्या! एक नवा आन् तीन म्हातारे जोडले की नव्याचाच जीव जातोय,” म्हणत हौसेरावांनी चारही घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली अर्धी फिरवली, हीटरचा दिवा विझू दिला आणि पूर्ण फिरवली. धडधडधड! पहिल्या फटक्यात!

“बगितलं का!” हौसेराव ओरडले.

बघायला कोणी नव्हतं. थोडा वेळ ते इंजिन चालू ठेवून थांबले. सुधीरच्या दाराची कडी वाजली. एक हात बाहेर आला, दुधाची पिशवी घेऊन आत गेला, दार लागलं. हौसेराव एकटेच मार्केटला गेले.

आठवडाभर हेच. गाडी उठायची, माणसं उठायची नाहीत. बायको, राजाबाई, वारल्यापासून हौसेरावांच्या घरात बोलायला फक्त रेडिओ होता. दिवसाकाठी हसती-बोलती माणसं भेटायची ती त्या धक्क्यापायीच, आणि त्यांना नेमकी हौसेरावांनी स्वतःच्या हाताने, पारखून निवडून, सुट्टी दिली होती! त्यांना फार एकटं वाटलं. रात्रीचं जेवण जाईना.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बॉनेट उघडून हीटरची तार काढून ठेवली. सकाळी किल्ली फिरवली, टेम्पो नुसता कण्हला. हौसेरावांनी आनंदाने आरोळी ठोकली, “धक्काऽऽ!”

दारं उघडली! लुंग्या धावल्या! पण चहा ओठाला लागायच्या आत सुधीर भडकला.

“काका, निवडून आणलेले प्लग आठवड्यात गेले? त्या दुकानदाराने फसवलं तुम्हाला! चला पनवेलला!”

“जाऊ दे रं, हुतंय आसं कदी कदी...”

“तुम्ही असे भिडस्त म्हणून लोक फसवतात! मी आज रजा टाकतो!”

“म्याबी खाडा करतो,” सितारामने बाह्या सरसावल्या. “बगतोच त्या शेटकडं!”

हौद्यात आणखी चौघं चढले. त्यांतल्या दोघांना आपण कुठे निघालोय हेही ठाऊक नव्हतं, पण आवेश सगळ्यांत जास्त त्यांचाच! हौसेरावांना वाटेत ब्रेक फेल झाला तरी चालला असता. नेमका त्या दिवशी टेम्पो शहाण्यासारखा धावला.

“ग्राहक कोर्टात खेचू!” सुधीर दुकानात शिरतानाच गरजला. हिरामणशेठने हौसेरावांना ओळखलं आणि कपाळाला हात लावला. तसाच उठून त्याने बॉनेट उघडलं, आत वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“प्लग झकास आहेत. ही तार कोणी काढली? काढून वर चिकटपट्टी गुंडाळलीय, कुठे टेकून ठिणगी उडू नये म्हणून. फार काळजीचं काम आहे!”

सगळ्या माना एकदम हौसेरावांकडे वळल्या.

“म्याच काडली,” ते खाली बघत म्हणाले. “गाडी सुदरली आन् तुमचं येनं बंद झालं. घरात बोलाया कोन हाय मला?”



“आरं, मग खाडा करायच्या आदी तरी बोलायचं!” सिताराम म्हणाला. परतीच्या वाटेवर सगळे हौद्यात पाठ करून बसले. घराजवळ उतरून सुधीर मागे न बघता निघून गेला. आता ही माणसं कायमची तुटली, हे हौसेराव समजून चुकले.

दुसऱ्या सकाळी तार जागेवर होती. टेम्पो पहिल्या फटक्यात चालू झाला. हौसेराव गिअर टाकणार, तोच बॉनेटवर थाप पडली. समोर सुधीर, तोंडात ब्रश! तो काहीतरी ओरडत होता.

“काय?”

“गाडी बंद करा! रजा गेली माझी, चहा तरी पाजा!”

हौसेरावांचा हात किल्लीवर अडखळला. धक्का मारून चालू केलेली गाडी बंद करायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्यांचा चहा नेहमी इंजिनाच्या धडधडाटातच व्हायचा. आज त्यांनी किल्ली फिरवली. एकदम शांत झालं. टपरीवर चहा गाळल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

दोघं बाकावर बसले. आपापल्या चहावर फुंकर मारत राहिले.

“तुज्या घरी कोन कोन आसतं रं?” शेवटी हौसेरावांनी विचारलं.

सुधीर बघतच राहिला. “काका, रोज तर सांगायचो! सुनयना माहेरी गेली, ती परत आलीच नाही. दुसऱ्या कुणाला नाही, फक्त तुम्हालाच सांगितलं. तुम्ही मान हलवायचात, मला केवढा आधार वाटायचा!”

हौसेरावांनी कप खाली ठेवला.

“आरं, त्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई कदी. म्याबी तुला रोज राजाबाई कशी गेली त्येच सांगायचो. तू आपला हसायचास.”

सुधीरने मान खाली घातली.

“मला वाटायचं, तुम्ही विनोद सांगताय.”