हरेश्वरचा वाव

ब्याऐंशी सालची गोष्ट. नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले आणि हरेश्वरच्या होडीचं शीड उभं फाटलं. मेहुणा बळवंत आदल्याच वर्षी आपल्या होडीला इंजिन लावून मोकळा झाला होता. तो म्हणाला, "भावजी, काळजी नको. दोरी बांधून ओढत नेतो."

सगळ्या मनोरी गावासमोर मेहुण्याच्या शेपटाला बांधून जायचं? हरेश्वरने शपथच घेतली. नारळ वाहायला जाईन तो शिडावर.

दोन्ही हात पसरले की एक वाव, असं त्याने जुनं शीड मापलं. पाच वाव उंची, चार वाव रुंदी.

"अवो, शीडच न्या ना शिंप्याकडं," त्याची बायको सोनूबाई म्हणाली.

"तीस वर्सं दर्यात काढली. माप माझ्या हातात हाय," म्हणत बुटक्या हरेश्वरने जुनं शीड फाडलं आणि सरपणावर टाकलं.

चारकोपचा रामनाथ ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. माणूस सहा फुटी, हात त्याहून लांब. त्याने पाच वाव, चार वाव ऐकलं, मान डोलवली आणि कापड मापलं. स्वतःच्या हातांनी.

चार दिवसांनी नवं शीड चढवलं तर त्याचं खालचं टोक पाण्यात पोहत होतं.

हरेश्वर ते धूड खांद्यावर टाकून परत निघाला. खाडीपलीकडे मार्व्याला कंडक्टरने एवढं ओझं बसमध्ये घेतलं नाही, म्हणून चारकोपपर्यंत चालत गेला. पोचला तेव्हा शिणून त्याचं पार चिपाड झालं होतं.

"काका, भानगडच नको," रामनाथ म्हणाला. "तुमच्याच हातांनी माप द्या, इथल्या इथे कापतो."

हरेश्वरने हात पसरले. डावा गेला. उजवा, ओझ्याने भरून आलेला, निम्म्यावर थांबला.

"पुरता पसरा ना."

"एवढाच जातो रे बाबा. काप लवकर, मला घरी जायचंय."

चुकतंय हे त्याला कळत होतं, पण वळायला अंगात जीवच नव्हता. शीड झालं नातवाच्या झबल्याएवढं.

पौर्णिमा उजाडली. बळवंत दोरी घेऊन आला.

"बांध," हरेश्वर खाली बघत म्हणाला.

"किती सोडू, भावजी?"

"सोड तीन वाव."

बळवंतने दोरी धरली, हरेश्वरच्या हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"कुणाचे?"