टबातले सापांचे गुराखी

शनिवारी सकाळी पाव्लिनाबाई टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. टब गढूळ पाण्यानं अर्धा भरला होता आणि पाण्यात शे-दीडशे किडे वळवळत होते.

"बोगोमिर!"

वरच्या खोलीतला भाडेकरू धावत आला. चतुर आणि त्यांच्याच जातकुळीतल्या नाजूक टाचण्या, या उडत्या किड्यांचा अभ्यास करायला तो मे महिन्यापासून त्यांच्याकडे राहत होता.

"रागावू नका बाई. आपलं तळं दर उन्हाळ्यात जमिनीत जिरतं, ते यंदा महिनाभर आधीच उतरलं. चतुरांची पिल्लं चिखलात तडफडत होती हो!"

"आणि माझ्या मुरंब्याच्या बरण्यांत काय आहे?"

"टाचण्यांची पिल्लं. एकत्र ठेवली तर चतुर त्यांना गिळतात. नातंगोतं बघत नाहीत. पण घराणं डायनोसॉरच्याही आधीचं आहे!"

"असेल. मला अकराला बारशाला जायचंय!"

तरी बाईंना पिल्लांची दया आली. पाणी कमी दिसलं म्हणून त्यांनी नळ सोडला, आणि शेजारच्या रेझकाला फोन लावला. "तुझ्याकडे आंघोळीला येते गं. माझ्या टबात सापांचे गुराखी भरलेत."

आमच्या खोऱ्यात चतुराला सापांचा गुराखी म्हणतात. तो दिसला की मागून साप येतो, अशी जुन्या माणसांची समजूत. रेझका त्या वेळी केस वाळवत होती. यंत्राच्या घोंघाटात तिला एवढंच ऐकू आलं : टबात साप भरलेत.

तिनं तडक भाच्याला, गावच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाला, फोन केला.

"किती साप आहेत, मावशी?"

"अरे मेल्या, टब भरून!"

इकडे बोगोमिरनं टबात डोकावून कपाळावर हात मारला. पिल्लं मलूल पडली होती. "बाई, नळाच्या पाण्यात औषध असतं! ओढ्याचं पाणी हवं होतं. आता दीड मैलावरून बादल्या कधी आणू?" पाव्लिनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात भोंगा वाजला. गमबूट चढवलेला रेझकाचा भाचा लोय्झे लांब चिमटा परजत आत घुसला. "बाजूला व्हा! साप कुठायत?"

लोय्झेनं टबात पाहिलं, मग मागे वळून मावशीकडे पाहिलं.

रेझका दाराआडून म्हणाली, "गुराखी आलेत ना? मग साप येतीलच की मागून!"

बोगोमिर मात्र खिडकीतून बंबाकडे बघत होता. "लोय्झे, टाकीत पाणी कुठलं आहे?"

"ओढ्याचं. का?"

बोगोमिरनं त्याला कडकडून मिठीच मारली.

टबातलं नळाचं पाणी उपसून काढलं आणि खिडकीतून नळी आत आली. "आगीवर मारता तसं नको रे," पाव्लिनाबाई ओरडल्या, "बाळाला न्हाऊ घालतात तसं सोडा!" दलाचे आठ धिप्पाड गडी श्वास रोखून धार धरून उभे राहिले. तासाभरानं पिल्लं पुन्हा हालचाल करू लागली. बाईंनी सगळ्यांना मनुकांची दारू पाजली. बारसं केव्हाच आटोपलं होतं.

"आभार कुणाचे मानू?" बोगोमिर डोळे पुसत म्हणाला.

"मावशीच्या कानांचे," लोय्झे म्हणाला.

पुढच्या रविवारी पाव्लिनाबाईंनी रेझकाला बोलावून घेतलं. न्हाणीघराच्या पडद्यावर पिल्लांनी टाकलेल्या रिकाम्या कातींची रांग लागली होती आणि शेजारी नवे चतुर पंख वाळवत बसले होते. रेझका भीतभीत पुढे वाकली, तेवढ्यात एक धडपडून तिच्या बाहीवर आला.

चर्चची घंटा वाजली. चाळीस वर्षांत रविवारच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसायचं न चुकवलेली रेझका जागची हलली नाही.

"अगं, प्रार्थना सुरू होईल," पाव्लिनाबाई म्हणाल्या.

"हळू बोल! पंख ओले आहेत त्याचे," रेझका कुजबुजली. "देवाला सांग, येते म्हणावं. त्याचंच काम चाललंय इथं."