दिगूकाकांची चार चाकं

दिगूकाका स्वतःचे केस स्वतः कापतात. पुढे एक आरसा, मागे एक आरसा आणि हातात कात्री. मागून पाहिलं तर केळीच्या बागेतून वावटळ गेल्यासारखं दिसतं, पण सांगणार कोण? सांगायला जावं तर ठरलेलं उत्तर येतं, "दुकानवाला काय आसमान से टपका आहे का?" मिक्सर, चप्पल, चष्म्याची काडी, एकदा तर स्वतःची कवळीसुद्धा त्यांनी घरीच नीट केली. पुढचे कित्येक दिवस ते बोलताना शिट्टी वाजायची.

बुऱ्हाणपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे या कारागिरीचा सगळा ताप माझ्या डोक्याला. काकू होत्या तोवर हातातला पाना काढून घेणारं कुणीतरी होतं. त्या गेल्या आणि काकांना रान मोकळं झालं. खरं सांगतो, ते रान बघवत नाही.

शुभा त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं, काका लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. निरोप काय ते काकू पोचवायच्या. काकूंच्या तेराव्यापर्यंत शुभा इथेच होती. एकमेकांना ताट वाढायची दोघं, पण तोंडातून शब्द नाही. मला दोघांचाही राग आला होता. तेराव्यानंतर ती गेली, आणि आता मधे बोलणारं कुणीच उरलं नाही.

मग काकांच्या गाडीत एक पिवळा दिवा लागला. चाकात हवा कमी झाली की कळवणारा सेन्सर प्रत्येक चाकाच्या आत असतो, त्यांच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. मेकॅनिक म्हणाला, चारही बदलावे लागतील, गाडी ठेवून जा. झालं! काकांनी सेन्सर मागवले, रविवारी अंगणात जॅक लावला, चाक काढलं आणि मला हाक मारली. आता टायर रिंगेवरून सोडवायचा कसा, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. काका बराच वेळ चाकापाशी उकिडवे बसून राहिले.

"शुभाला विचार," ते मान वर न करता म्हणाले.

मी फोन स्पीकरवर लावला. काका म्हणायचे, तिला म्हणावं. ती म्हणायची, दादा, त्यांना सांग. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं आणि मी आपला मधे उगाच पोस्टमन. तिनं सांगितलं, टायरवर फळी ठेवा, फळीवर दुसऱ्या गाडीचं चाक चढवा, टायर सुटेल. फक्त हवा भरायच्या वॉल्वपासून फळी लांब ठेवा, सेन्सर आतून त्यालाच जोडलेला असतो. पण ऐकतील तर ते दिगूकाका कसले! हवा जिथून निघते तिथूनच दाबलं पाहिजे, असं त्यांचं शास्त्र. मी माझी गाडी फळीवर चढवली आणि आतून कडकन आवाज आला.

तो फोनमध्येही ऐकू गेला. मग शुभा म्हणाली, "बाबा, वॉल्वच्याच बाजूला ठेवलीत ना?"

कितीतरी वर्षांनी ती त्यांना बाबा म्हणाली होती. काकांनी हात धोतराला पुसले, फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "हो. चुकलं माझं."

फुटला तो बॅटरी संपलेला जुनाच सेन्सर, तो बदलायचाच होता. खरं तर उरलेली चाकं दोन दिवसांत उरकली असती, पण काकांनी फर्मान काढलं, एका रविवारी एकच चाक. घाई कशाला? रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते फोन घेऊन बसत. तिनं विचारावं, जेवलात का? यांनी सांगावं, रिंगेला गंज नाही. यांनी विचारावं, जावईबापू कसे आहेत, आणि मग स्वतःच घाबरून टायर चढवताना लावायच्या साबणाच्या पाण्याचं काहीतरी काढावं. मी पाना धरून उभा असायचो.

शेवटचं चाक बसलं. नवे सेन्सर गाडीला ओळखू यावेत म्हणून चांदनी गावापर्यंत चक्कर मारून आलो. वाटेतच दिवा विझला. मी खुशीत टाळी द्यायला हात पुढे केला, काकांनी काही दिली नाही. घरी आल्यावर त्यांनी फोन लावला आणि पडेल आवाजात कळवलं, दिवा गेला.

"छान झालं," शुभा म्हणाली. "म्हणजे संपलं काम."

"संपलं."

फोन कुणीच ठेवेना. काका अंगणाकडे बघत होते.

"शुभा," ते शेवटी म्हणाले, "स्टेपनीचं काय करायचं?"

त्या गाडीच्या स्टेपनीत सेन्सर नसतोच. हे मला माहीत, काकांना माहीत, आणि ती तर त्याच कामातली.

"हो की बाबा," ती म्हणाली. "ते राहिलंच. मीच येते, पुढच्या रविवारी."